विकत घेतलेलं जहाज नक्की कुणाचं? चाच्यांचे गेम, बंद पडणारे सर्व्हर आणि 13 लाख सह्या

गेल्या जुलैमध्ये चार दिवस अलिबागला ताईकडे होतो. पाऊस असा लागला की दुसऱ्याच संध्याकाळी आधी लाइट गेली आणि मग इंटरनेट. लाइट रात्री आली, पण नेट काही दोन दिवस आलं नाही. केबलवाला फोन उचलेना. माझा भाचा नववीत आहे. त्याने नुकताच समुद्री चाच्यांचा एक ऑनलाइन गेम घेतला होता आणि चार महिन्यांचा खाऊचा पैसा त्यात घातला होता. तो बिचारा दर दहा मिनिटांनी गेम उघडायचा, 'सर्व्हरशी संपर्क होत नाही' वाचायचा आणि बंद करायचा.

मी शेजारी बसून माझ्या जुन्या लॅपटॉपवर 'असासिन्स क्रीड 4: ब्लॅक फ्लॅग' खेळत होतो. 2013 चा गेम. कधीतरी सेलमध्ये पाचशेच्या आत घेतलेला. जहाज चालू, खलाशी गाणी म्हणतायत, हवानाच्या बाहेर स्पॅनिश गलबतं दिसतायत.

"मामा, तुझा कसा काय चालतोय? नेट तर नाहीये."

प्रश्न साधा होता, पण त्याचं उत्तर द्यायला बसलो तेव्हा लक्षात आलं की हे प्रकरण सध्या युरोपीय संघाच्या दारात जाऊन पोचलंय. म्हणून हा लेख. आधी थोडं खेळाबद्दल, मग तंत्रज्ञान, मग कायदा.

आधी ब्लॅक फ्लॅग

ज्यांनी हा गेम खेळला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. काळ 1715 ते 1722, जागा कॅरिबियन समुद्र. एडवर्ड केनवे नावाचा वेल्समधला माणूस पैसा कमवायला घर सोडतो आणि चाचा होतो. त्याचं जहाज 'जॅकडॉ'. वाटेत ब्लॅकबिअर्ड, चार्ल्स वेन, ॲन बॉनी, मेरी रीड अशी इतिहासातली खरी माणसं भेटतात. 1718 मध्ये इंग्रज गव्हर्नर वुड्स रॉजर्स राजाचा माफीनामा घेऊन नासाऊ बंदरात उतरतो आणि चाच्यांमध्ये फूट पडते. हेही खरंच घडलेलं.

युबिसॉफ्टचे बाकीचे गेम मला फारसे आवडत नाहीत. नकाशावर शेकडो खुणा टाकायच्या आणि लोकांना हेलपाटे मारायला लावायचे, ही त्यांची जुनी खोड. पण ब्लॅक फ्लॅगमध्ये दोन खुणांच्या मध्ये समुद्र आहे, आणि समुद्रावर नुसतं शीड उभारून जात राहण्यात मजा आहे. वादळ आलं की लाट अंगावर घ्यायची नाही, नाळ तिच्याकडे वळवायची, हे मी या गेममध्ये शिकलो. ताईच्या शेजारच्या बोटवाल्या काकांना सांगितलं तर ते म्हणाले, "एवढं कळायला गेम कशाला पाहिजे?"

भाच्याने पडद्यावर 1718 वाचलं आणि विचारलं, "मग आपले कान्होजी आंग्रेपण पायरेट होते का?" खिडकीतून कुलाबा किल्ला दिसत असताना हा प्रश्न विचारायला धाडस लागतं! पण इंग्रजांच्या कागदपत्रांत खरंच त्यांना पायरेट म्हटलंय. त्याच 1718 मध्ये मुंबईच्या इंग्रजांनी खांदेरीवर हल्ला केला आणि हात हलवत परत गेले. 1721 मध्ये पोर्तुगीजांना बरोबर घेऊन कुलाब्यावर आले, तेव्हाही तेच झालं. कान्होजी मराठ्यांचे सरखेल होते. त्यांचं म्हणणं एवढंच होतं की या किनाऱ्यावरून जहाज न्यायचं तर आमचा दस्तक, म्हणजे परवाना घ्या. इंग्रजांना तो मान्य नव्हता. परवाना देणारा कोण आणि मागणारा कोण, यावर चाचा कोण हे ठरत होतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागेल.

तीन पायरेट गेम, तीन कुलपं

माझा गेम चालतो आणि भाच्याचा चालत नाही, याचं कारण कुलूप कुठे आहे त्यात आहे.

सगळ्यात जुनं उदाहरण घेऊ. 1990 मध्ये लुकासफिल्म गेम्सने 'द सीक्रेट ऑफ मंकी आयलंड' काढला. गायब्रश थ्रीपवुड नावाच्या भोळसट पोराला पायरेट व्हायचंय, अशी विनोदी गोष्ट. गेम फ्लॉपीवर यायचा, आणि फ्लॉपी कुणीही कॉपी करू शकायचं. म्हणून डब्यात पुठ्ठ्याची एक चकती असायची, 'डायल-अ-पायरेट'. दोन गोल पुठ्ठे एकावर एक. वरचा फिरवला की एका चाच्याचं कपाळ दुसऱ्याच्या हनुवटीला जुळायचं. गेम सुरू होताना पडद्यावर एक चेहरा यायचा आणि प्रश्न यायचा, याला अमुक ठिकाणी कुठल्या साली फाशी दिली? तुम्ही चकती फिरवून तो चेहरा जुळवायचा आणि खिडकीत दिसणारं साल टाइप करायचं. चाच्यांच्या गेममध्ये चाचेगिरी रोखायला चाच्यांचीच तोंडं! मला हे कुलूप फार आवडतं. कारण ते तुमच्या घरात होतं. कंपनी बुडाली, विकली गेली, मालक बदलला, तरी तुमची चकती तुमच्या कपाटात.

आणि हा गेम आजही चालतो. 2001 मध्ये काही हौशी प्रोग्रामरांनी 'स्कमव्हीएम' नावाचा मोफत प्रोग्राम सुरू केला. मूळ गेममध्ये दोन भाग असतात. एक इंजिन, म्हणजे गेम चालवणारा प्रोग्राम आणि दुसरा डेटा, म्हणजे चित्रं, आवाज, संवाद. या लोकांनी इंजिन नव्याने लिहिलं. तुमच्याकडच्या मूळ फाइल त्याला दाखवल्या की 1990 चा गेम आजच्या फोनवरसुद्धा चालतो. हे शक्य झालं कारण गेमचे सगळे भाग खेळणाऱ्याच्या हातात होते.

ब्लॅक फ्लॅगचं कुलूप अर्धं घरात, अर्धं बाहेर. पीसीवर पहिल्यांदा सुरू करताना कंपनीच्या लाँचरमध्ये लॉगिन करावं लागतं. तुमच्या खात्यावर हा गेम आहे ना, एवढं सर्व्हर तपासतो. एकदा ते झालं की ऑफलाइन मोडमध्ये कथा खेळता येते, कारण समुद्र, लाटा, शत्रूची जहाजं हे सगळं तुमचाच लॅपटॉप तयार करत असतो. म्हणूनच पावसातही माझं जहाज चालू होतं.

तिसरा प्रकार म्हणजे 2018 चा 'सी ऑफ थीव्ज' किंवा 2024 चा 'स्कल अँड बोन्स'. इथे कुलूपच काय, अर्धं घर कंपनीकडे असतं. सी ऑफ थीव्जमध्ये एकाच समुद्रात अनेक खेळाडूंची जहाजं असतात. मी तोफ डागली आणि तुमचं जहाज लाटेवर वर गेलं, तर गोळा लागला की हुकला हे कुणी ठरवायचं? माझ्या मशीनने की तुमच्या? तिसऱ्यानेच ठरवावं लागतं. तो तिसरा म्हणजे सर्व्हर. जहाज कुठे आहे, पेटारा कुणाच्या हातात आहे, तुमच्याकडे सोनं किती, हा सगळा हिशेब तिकडे. तुमच्या कॉम्प्युटरवर असतो तो फक्त बघण्याचा आणि बटणं दाबण्याचा भाग. भाच्याचा गेम याच जातीचा. त्याने शेकडो जीबी डाउनलोड केलं असतं तरी नेटशिवाय उपयोग शून्य.

सी ऑफ थीव्जबाबत मी तक्रार करणार नाही. अनोळखी लोकांनी भरलेला समुद्र हाच त्या खेळाचा जीव आहे, सर्व्हर लागणारच. माझा आक्षेप वेगळ्या ठिकाणी आहे. एकट्याने खेळायची गोष्ट असते, तरीही गेम सर्व्हरला बांधून ठेवतात. स्कल अँड बोन्स हा मुळात ब्लॅक फ्लॅगमधल्या जहाजांच्या लढायांवरून सुचलेला. 2017 मध्ये जाहीर झाला, अनेकदा पुढे ढकलला गेला आणि फेब्रुवारी 2024 मध्ये एकदाचा आला. 70 डॉलर किंमत कशासाठी, असं गुंतवणूकदारांच्या बैठकीत विचारल्यावर कंपनीप्रमुख ईव्ह गिलेमो यांनी त्याला 'क्वाड्रुपल-ए' दर्जाचा गेम म्हटलं. लोकांनी यावरून भरपूर टिंगल केली. त्यात एकट्याने भटकलं तरी इंटरनेट लागतंच. ब्लॅक फ्लॅगमधला जहाज सोडून बेटावर उड्या मारत फिरण्याचा आनंदही नाही. दहा वर्षांनी आलेला गेम आधीच्यापेक्षा कमी तुमचा, असं काहीसं झालं.

ठिणगी पडली ती मोटारींवरून

आता बातमीकडे येऊ. युबिसॉफ्टचाच 'द क्रू' नावाचा गाड्यांच्या शर्यतीचा गेम 2014 मध्ये आला होता. एकट्याने खेळायची कथा त्यातही होती, पण सतत ऑनलाइन राहावं लागायचं. डिसेंबर 2023 मध्ये तो विक्रीतून काढला आणि 31 मार्च 2024 ला सर्व्हर बंद केले. कारण दिलं सर्व्हरच्या व्यवस्थेचं आणि परवान्यांचं. म्हणजे खऱ्या गाड्यांची नावं वापरायचे करार वगैरे. ज्यांनी डिस्क विकत घेतली होती त्यांच्याकडे आता चकचकीत थाळी उरली. पुढे काहींनी तर खात्यातून गेमचा परवानाच गेल्याच्या तक्रारी केल्या.

योगायोग बघा. त्याच जानेवारीत युबिसॉफ्टच्या सबस्क्रिप्शन विभागाचे प्रमुख एका मुलाखतीत म्हणाले होते की लोकांना सीडी-डीव्हीडी स्वतःजवळ नसण्याची सवय झाली, तशी गेम मालकीचे नसण्याचीही व्हायला हवी. त्यांचा संदर्भ सबस्क्रिप्शनचा होता, हे मान्य. पण द क्रू बंद पडल्यावर ते वाक्य सगळीकडे फिरलं आणि त्याला जोडून एक घोषणा फिरली: विकत घेऊन मालकी मिळत नसेल, तर पायरसी ही चोरी कशी?

मला ही घोषणा पटत नाही. एक तर ती सोयीची आहे. आमच्या पिढीने लॅमिंग्टन रोडवरून किंवा कॉलेजबाहेरच्या पथारीवरून पन्नास रुपयांची सीडी घेतली तेव्हा मालकीहक्काचा विचार कुणी केला नव्हता. खिशात पैसे नव्हते, एवढंच. दुसरं म्हणजे, सर्व्हरवर चालणारा गेम पायरसी करूनही मिळत नाही. जो भाग तुमच्याकडे कधी आलाच नाही, त्याची कॉपी कशी काढणार?

रॉस स्कॉट नावाच्या यूट्यूबरने वेगळा रस्ता धरला. एप्रिल 2024 मध्ये त्याने 'स्टॉप किलिंग गेम्स' मोहीम सुरू केली. मागणीबद्दल गैरसमज फार आहेत, म्हणून नीट सांगतो. सर्व्हर कायम चालू ठेवा, असं ते म्हणत नाहीत. ते म्हणतात, बंद करा, पण जाताना गेम खेळण्याजोग्या अवस्थेत सोडून जा. ऑफलाइन चालेल असा शेवटचा अपडेट द्या, किंवा लोकांना स्वतःचा सर्व्हर चालवता येईल अशी सोय ठेवा. आणि तेही पुढे येणाऱ्या गेमसाठी, मागच्या सगळ्यांसाठी नाही.

युरोपीय संघात नागरिकांनी मिळून प्रस्ताव मांडायची सोय आहे. वर्षभरात 10 लाख सह्या आणि किमान 7 देशांत ठरलेला आकडा गाठला तर युरोपीय आयोगाला उत्तर द्यावंच लागतं. मुदत होती 31 जुलै 2025. जूनपर्यंत मोहीम जवळपास मेली होती. स्कॉटने निराश होऊन शेवटचा म्हणावा असा व्हिडिओ टाकला. त्यात मोहिमेवर टीका करणाऱ्या एका स्ट्रीमरला उत्तर होतं, ज्याचं ऑनलाइन नाव आहे, हसू नका, 'पायरेट सॉफ्टवेअर'. त्या भांडणाने जे झालं ते वर्षभराच्या प्रचाराने झालं नव्हतं. मोठमोठे यूट्यूबर धावून आले आणि जुलैच्या सुरुवातीलाच 10 लाखांचा टप्पा पार झाला. मी अलिबागला नेटशिवाय बसलो होतो तेव्हा तिकडे आकडा चढत होता. पडताळणीनंतर जवळपास 13 लाख सह्या वैध ठरल्या आणि जानेवारी 2026 मध्ये त्या आयोगाकडे गेल्या. सादर झाल्यापासून सहा महिन्यांत आयोगाने काय करणार ते सांगायचं असतं. नवीन कायदा आणायलाच हवा, असं बंधन मात्र त्यांच्यावर नाही.

कंपन्यांचं म्हणणंही ऐकू

प्रकाशकांच्या 'व्हिडिओ गेम्स युरोप' या संघटनेने विरोध केला. लोकांनी खाजगी सर्व्हर चालवले तर खेळाडूंची माहिती सुरक्षित कोण ठेवणार, तिथे बेकायदा मजकूर आला तर जबाबदार कोण, आणि असे गेम बनवणं महाग पडेल, असं त्यांचं म्हणणं. यातलं थोडं खरं आहे. आजचा सर्व्हर म्हणजे कोपऱ्यात ठेवलेला एक डबा नसतो. लॉगिन एकीकडे, खेळाडू जुळवणं दुसरीकडे, खरेदीचा हिशेब तिसरीकडे, आणि त्यात इतर कंपन्यांकडून भाड्याने घेतलेले तुकडे. हे शेवटच्या दिवशी सोडवून लोकांना देणं सोपं नाही.

पण पहिल्या दिवसापासून ठरवलं तर? द क्रूच्या पुढच्या भागाला, म्हणजे 'द क्रू 2' ला, ऑक्टोबर 2025 मध्ये कंपनीनेच ऑफलाइन खेळायची सोय दिली. जुन्या द क्रूसाठी त्याच्या महिनाभर आधी चाहत्यांनी स्वतः सर्व्हरची नक्कल बनवून गेम पुन्हा सुरू केला. बाहेरच्या लोकांना मूळ कोड न बघता हे जमत असेल, तर 'अशक्य' हा शब्द जरा जपून वापरावा.

एक आपल्याजवळची गोष्ट. युबिसॉफ्टचे स्टुडिओ पुण्यात आणि मुंबईत आहेत. 'प्रिन्स ऑफ पर्शिया: द सँड्स ऑफ टाइम'चा नवा अवतार 2020 मध्ये याच दोन स्टुडिओंच्या नावाने जाहीर झाला, 2022 मध्ये मॉन्ट्रियलकडे गेला आणि यंदा जानेवारीत रद्दच झाला. म्हणजे सर्व्हरचा, परवान्यांचा, तोट्याचा हिशेब करताना टेबलाच्या पलीकडे आपलीही पोरं बसलेली असतात. कंपनीला शिव्या घालताना मला हे आठवतं.

बटणावर 'बाय' लिहिलंय, पण...

मघाशी म्हटलं होतं की दस्तक लक्षात ठेवा. तुम्ही डिजिटल दुकानात 'बाय' दाबता तेव्हा बहुतेक वेळा गेम घेत नाही, गेम वापरायचा परवाना घेता. परवाना देणारा तो परत घेऊ शकतो. कॅलिफोर्नियाने सप्टेंबर 2024 मध्ये कायदा केला आणि 1 जानेवारी 2025 पासून तो लागू आहे. ग्राहकाला परवानाच मिळणार असेल तर तसं स्पष्ट सांगितल्याशिवाय 'बाय' किंवा 'पर्चेस' हे शब्द वापरायचे नाहीत. जी वस्तू कायमची डाउनलोड करून ऑफलाइन वापरता येते तिला सूट. स्टीमने ऑक्टोबर 2024 मध्येच पैसे भरायच्या पानावर तशी ओळ टाकली. कधी दिसली नसेल तर पुढच्या खरेदीला कार्टमध्ये खाली बघा.

आपल्याकडे काय? 2025 मध्ये ऑनलाइन गेमिंगचा मोठा कायदा आला, पण त्याचा रोख पैसे लावून खेळायच्या गेमवर बंदी घालण्याकडे आहे. विकत घेतलेला गेम बंद पडला तर काय, हा त्याचा विषयच नाही. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात मात्र एक कामाची गोष्ट आहे: 'अन्याय्य करार'. एका बाजूला सबळ कारणाशिवाय एकतर्फी करार मोडता येत असेल, तर तो या व्याख्येत बसू शकतो आणि त्याची तक्रार राज्य आयोगाकडे नेता येते. आता हजार रुपयांच्या गेमसाठी कोण वकील लावून मुंबईला खेटे घालणार, हा प्रश्न आहेच. 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवायला मात्र पैसे लागत नाहीत, आणि निदान नोंद तरी होते.

माझं स्वतःचं सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी एका छोट्या ऑनलाइन दुकानातून मी पाच-सहा गेम घेतले होते. दुकान बंद झालं. मेलमध्ये पावत्या अजून आहेत, गेम नाहीत. तेव्हापासून मी पैसे भरण्याआधी दुकानाच्या पानावर तीन गोष्टी बघतो. एकट्याने खेळता येतो का, सतत इंटरनेट लागेल असं बारीक अक्षरात लिहिलंय का, आणि वेगळ्या कंपनीचं खातं उघडावं लागतं का. जीओजीसारख्या दुकानात तर गेमची इन्स्टॉलर फाइलच उतरवून ठेवता येते. कागदोपत्री तोही परवानाच, पण फाइल तुमच्या कपाटात राहते, पुठ्ठ्याच्या चकतीसारखी. भाच्यासारखा ऑनलाइनच खेळायचा असेल तर खुशाल खेळा, फक्त ते जत्रेचं तिकीट समजून घ्या, घर समजून नव्हे. आणि पहिल्याच महिन्यात पूर्ण किमतीला तर अजिबात नको.

नेट तिसऱ्या दिवशी दुपारी आलं. तोवर भाच्याने माझ्या लॅपटॉपवर ब्लॅक फ्लॅगमध्ये नासाऊ गाठलं होतं, आणि स्वतःचा गेम उघडायचं विसरूनही गेला होता. परवा त्याचा फोन आला. मंकी आयलंड स्कमव्हीएमवर सुरू झाला, पण तलवारबाजीत शिव्यांची जुगलबंदी करावी लागते तिथे अडकलाय. इंग्रजी टोमण्यांना उत्तर काय द्यायचं ते मामाने सांगावं म्हणे. मी म्हटलं, स्वतःच शोध.